लाकूड भिजवायचं तळं

राड्यारोड्याचा ट्रक चार वाजता येणार होता, आणि तळं बुजवायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत हे दादांना जेवायला बसल्यावर कळलं. तोवर त्यांची समजूत अशी होती की मत एकच आहे आणि ते त्यांचं आहे.

तळं हा शब्दही त्यांना जड वाटे. ते डबकं म्हणत. वखारीच्या मागे त्यांच्या आजोबांनी ते खणलं होतं, ओले ओंडके महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवायला. तसं भिजवलेलं लाकूड पुढे सहसा चिरत नाही आणि किडीलाही गोड लागत नाही. मग मुलानं लाकूड वाळवायची भट्टी आणली, आणि गेल्या बारा वर्षांत त्या पाण्यात एक ओंडका पडला नाही. काठाला लव्हाळे वाढले, मासे झाले, बेडूक झाले, वरून चतुर भिरभिरू लागले. ते सगळं आपापलं चाललेलं होतं आणि त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. गेल्या वर्षी मुंगीला हिवताप झाला, तेव्हा सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं.

मुंगी म्हणजे त्यांची सहा वर्षांची नात. जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती, म्हणून मुंगी. आठ दिवस ती दवाखान्यात होती. त्याच आठवड्यात दादांनी यंत्रांचं जळकं तेल डब्यांनी पाण्यात ओतलं. निदान घरात त्यांनी तेवढंच सांगितलं होतं. महिनाभर एक डास दिसला नाही, आणि दादा कॉलर ताठ करून फिरले. या वर्षी मात्र संध्याकाळी दार उघडं ठेवायची सोय राहिली नाही. आधी मुंगीला पुन्हा ताप आला, मग दादांच्या बायकोला, मग करवतीवरच्या कामगाराला. तेव्हा दादांनी जाहीर केलं की रोगाचं मूळच गाडून टाकायचं.

"म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन," भिंगरी म्हणाली आणि उकडलेला बटाटा ताटात घेतला.

भिंगरी त्यांची धाकटी बहीण. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसत नसे. आता पंचावन्नाव्या वर्षी ती शहरातल्या सरकारी दवाखान्यात दिवसभर एका स्टुलावर बसून रक्ताचे नमुने तपासे. मुंगीच्या रक्तातले जंतू पहिल्यांदा तिनंच पाहिले होते. काचेवरून डोळा उचलला, भावाला फोन लावला, आणि पाच मिनिटं तिला बोलताच आलं नाही. हे दादा कधी विसरले नव्हते. म्हणून तिच्यावर चिडताना त्यांची पंचाईत होई.

"तू डबकं वाचवायला आली आहेस की जेवायला?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. आधी जेवते. वहिनीच्या हातचं सोडून मी भांडणार नाही."

दादांची बायको हसली. तापानं तिचा चेहरा लहान झाला होता, पण आज तिनं हट्टानं स्वयंपाक केला होता. "जरा सबुरीनं घ्या दोघं," ती म्हणाली. "मुंगी जेवतेय."

मुंगी जेवत नव्हती. भिंगरीनं खुर्चीखाली ठेवलेल्या पिशवीकडे ती पाहत होती. पिशवीत काहीतरी डुचमळत होतं.

"यात भांडण्यासारखं काय आहे?" मुलगा म्हणाला. वखार आता तोच पाहत होता. "ट्रक ठरलाय. जागा सपाट झाली की तिथं कापलेल्या फळ्यांची शेड होईल. डासही जातील आणि फळ्या उन्हापावसातून वाचतील."

"म्हणजे तुला शेड हवी आहे," भिंगरी म्हणाली.

"मला दोन्ही हवं आहे, आत्या."

"आणि मला फक्त एक हवं आहे." हे सूनबाई बोलली. ती क्वचित बोले आणि बोलली की घर थांबे. "या पोरीला दोनदा मी दवाखान्यात उचलून नेलं आहे. दुसऱ्यांदा ती मला ओळखत नव्हती, आत्या. तुम्ही म्हणाल तर बेडूक फार चांगले असतात, मी नाही म्हणत नाही. पण तिसऱ्यांदा मी नेणार नाही."

दादांना सुनेचं बोलणं आवडलं, पण तिच्याकडे पाहणं त्यांनी टाळलं. ते पाणी प्यायले.

भिंगरीनं ताट बाजूला सारलं. "तुझ्याशी मी भांडणारच नाही," ती सूनबाईला म्हणाली. "मीही त्यासाठीच आले आहे. मुंगी, तो काचेचा वाडगा आण बघू."

वाडगा आला. पिशवीतून दोन बरण्या निघाल्या. पहिलीतलं पाणी नितळ होतं. भिंगरीनं ते वाडग्यात ओतलं, तेव्हा पाण्याला हलकेच गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. बारीक करड्या काड्या, पाण्याच्या पापुद्र्याला पोट चिकटवून, आडव्या पडलेल्या.

"डासांच्या अळ्या," ती म्हणाली. "अशा आडव्या पडतात ना, त्या आपल्या तापाच्या डासाच्या जातीच्या. सकाळी मी इथल्या तळ्यात पळी बुडवली. दहा वेळा, दहा ठिकाणी. किती निघाल्या असतील?"

"वीस," मुलगा म्हणाला.

"एकशे सत्तर."

सूनबाईनं मुंगीला खुर्चीसकट मागे ओढलं. "बघा," ती म्हणाली. "आणखी काय पाहिजे?"

"आणखी हे पाहिजे." भिंगरीनं दुसऱ्या बरणीतून चमच्यानं एक मातकट, बोटाच्या पेराएवढा किडा उचलला आणि वाडग्यात सोडला. सहा पाय, फुगीर डोळे. दिसायला अगदीच ओंगळ. तो तळाशी जाऊन बसला आणि मेल्यासारखा पडून राहिला.

"हा झोपला," मुंगी म्हणाली.

"थांब जरा."

एक अळी वळवळत त्याच्या डोक्यावरून चालली होती. किडा जागचा हलला नाही. त्याचा फक्त खालचा ओठ हातासारखा सपकन पुढे आला आणि मागे गेला. अळी नव्हती. टेबलाभोवतीची सहाही डोकी वाडग्यावर वाकली. पुन्हा तसंच झालं. मुंगी मोजू लागली. पाच, सहा, सात.

"यानं हात नाही धुतले," ती आठव्याला म्हणाली. तिची आई हसली, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन गप्प झाली.

"हे चतुराचं पिल्लू," भिंगरी म्हणाली. "पंख फुटेपर्यंत पाण्यातच राहतं. असे शेकडो होते आपल्या तळ्यात. शिवाय मासे, पाणकिडे, काठाला बेडूक. प्रत्येकाची खायची वेळ वेगळी, जागा वेगळी. एकाच्या हातून सुटली तर अळी दुसऱ्याच्या तोंडात. मग तेल पडलं आणि सगळे मेले. डासही मेले. पण डास दहा-बारा दिवसांत पुन्हा तयार होतो. या पिल्लाला कित्येक महिने लागतात, काहींना वर्ष. रिकाम्या घरात आधी कोण शिरला, सांगा."

"म्हणून तर बुजवू या म्हणतोय," मुलगा म्हणाला. "पाणीच नको."

"पावसाचं पाणी वखारीच्या अंगणातून उतरून कुठं जातं रे?"

मुलगा उत्तर द्यायला गेला आणि थबकला. वखार त्याच्या हाताखाली होती. अंगणाचा उतार त्याला पाठ होता. "डबक्यात," तो म्हणाला.

"ते बुजवलंस की अंगणात साचेल. ट्रकच्या चाकांच्या चाकोऱ्यांत, ताडपत्रीच्या घड्यांत, पोकळ ओंडक्यांत. एका मोठ्या पाण्याची शंभर बारकी डबकी होतील, आणि त्यांत ना मासा असेल ना बेडूक. मी बावीस वर्षं रक्त बघतेय. जिथून ताप जास्त येतो त्या वस्त्यांना मी कामाव्यतिरिक्त जाऊन बघून येते, माझं वेड म्हण. बहुतेक ठिकाणी असंच: माणसानं आसपासचं सगळं साफ केलेलं असतं, आणि उरतो तो फक्त आपल्याला चावणारा."

"उंटावरची शहाणी," दादा पुटपुटले. पण त्यात जोर नव्हता.

"दादा, मुंगीला बरं केलं त्या गोळ्या तुला माहीत आहेत? त्यातलं औषध एका रानटी झुडपात सापडलं. आणि त्याच्या आधीचं, जुनं औषध होतं झाडाच्या सालीतलं. तू रोज गाडीभर साल भट्टीत घालतोस. तसं कुणी ते झाडच तण म्हणून संपवलं असतं तर माझ्या हातात काय असतं? नुसती काच."

दादांची बायको मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "हे मला पटतंय," ती हळू म्हणाली. "या वर्षी बेडकांचा आवाज आला नाही. तापात पडल्या पडल्या मी ऐकायचा प्रयत्न करत होते."

आत्तापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची धरली होती. दादांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"हा किडा आणलास कुठून?" त्यांनी भिंगरीला विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"काडीच्या तळ्यातून. तिथंही दहा पळ्या बुडवल्या. अळ्या निघाल्या चार."

काडी हा त्यांचा चुलतभाऊ. वखारीच्या कुंपणापलीकडे राही. अंगानं तसाच होता, म्हणून काडी. चौदा वर्षांपूर्वी दोघं एकत्र वखार चालवत. एक दिवस त्याच्या हातून एक महागाचा ओंडका वाकडा कापला गेला आणि दादा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, की याला लाकडातलं काही कळत नाही, यानं गवत वळत बसावं. काडीनं करवत खाली ठेवली ती कायमची. आता तो स्वतःच्या तळ्यातले लव्हाळे कापून, सुकवून खुर्च्यांच्या बैठका विणे. लांबलांबून लोक त्याच्याकडे खुर्च्या घेऊन येत. दोन्ही घरांतल्या बायका बोलत, पोरं खेळत; हे दोघं मात्र रस्त्यात भेटले तरी एकमेकांकडे आभाळ पाहिल्यासारखं पाहत.

"तू त्याच्याकडे गेलीस," दादा म्हणाले.

"तो माझाही भाऊ आहे."

"तो काय म्हणाला?"

"तुझ्याबद्दल? काही नाही. एवढंच म्हणाला की नुसत्या तेलानं तळं इतकं मरत नाही." भिंगरीनं भावाकडे सरळ पाहिलं. "मलाही तसंच वाटलं होतं. तळाच्या चिखलातसुद्धा काही जिवंत नाही, दादा. पण मी ते कुणापुढे विचारणार नव्हते. आत्ताही विचारत नाहीये."

ती खरंच विचारत नव्हती. बरणीचं झाकण लावत होती. तिनं त्यांना पळवाट ठेवली होती, आणि दादांना ती दिसत होती. बटाटा थंड झाला आहे, ट्रक यायची वेळ झाली, मी जरा पडतो. काहीही म्हणता आलं असतं. समोर मुंगी गालावर हात ठेवून किड्याकडे पाहत होती. तिची मनगटं अजून भरली नव्हती.

"मी त्यात वाळवीचं औषध ओतलं," दादा म्हणाले. "लाकडाला लावतो ते. दोन डबे."

"अहो," त्यांची बायको म्हणाली.

"ती दवाखान्यात होती. मी घरी आलो, तिची चप्पल दारात होती. मला काही सुचेना. काहीतरी मारावंसं वाटलं, म्हणून समोर होतं ते मारलं." त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "दुसऱ्यांदा तिला ताप आला तो माझ्यामुळे असेल. तुझ्या सासूलाही. तुला जे बोलायचं ते बोल."

मुलगा खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. सूनबाई उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि दादांच्या ताटातलं थंड जेवण उचलून गरम करायला घेऊन गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"रात्री झोपेत ती तुमचं नाव घेत होती, दवाखान्यात," ती म्हणाली. "माझं नाही. मला तेव्हा फार राग आला होता तुमचा. आज त्यापेक्षा कमी आला आहे." तिनं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. "पण बाबा, यापुढे या पोरीसाठी काही करायचं तर मला विचारून करायचं."

"विचारीन."

"आणि आत्या, तुमचं तळं वर्षभर. दर महिन्याला तुम्ही येऊन दहा पळ्या मोजायच्या, माझ्यासमोर. सगळ्या खिडक्यांना जाळ्या, सगळ्या पलंगांना मच्छरदाण्या, आणि अंगणात थेंबभर पाणी साचलेलं मला दिसता कामा नये. वर्षानं आकडा उतरला नाही तर मी स्वतः ट्रक बोलवीन."

"मंजूर," भिंगरी म्हणाली. "उतरला नाही तर ट्रकमध्ये मी पुढे बसेन."

"शेडचं काय?" मुलानं विचारलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो म्हणाला, "विचारलं फक्त. ट्रक तर येणारच आहे. रोडा टाकून अंगणातल्या चाकोऱ्या भरून घेतो. ते मला गेल्या वर्षीच करायला हवं होतं."

दादा जेवले. सगळं जेवले. मग म्हणाले, "ते पाणी आता जिवंत होईल का?"

"अळ्या जगतायत, म्हणजे औषधाचा जोर बराच ओसरलाय," भिंगरी म्हणाली. "पण आधी एका बादलीत दोन-चार किडे आठवडाभर ठेवून बघू. तगले तर सोडू. आपोआप यायचे म्हटले तर फार वेळ लागेल. कुठून तरी आणून घालावे लागतील. वेगवेगळे. एकाच जातीचे आणून भागणार नाही." एवढं बोलून ती पुढचं बोलली नाही. पुढचं सगळ्यांना कळत होतं.

दादा हात धुऊन मागच्या दारानं बाहेर पडले. बादली त्यांनी स्वतःच घेतली. कुंपणाच्या फाटकाची कडी गंजून बसली होती. ती उघडायला त्यांना गुडघ्याचा रेटा द्यावा लागला.

काडी ओसरीवर बसून एका खुर्चीची बैठक विणत होता. ओले लव्हाळे त्याच्या मांडीवर होते. त्यानं मान वर केली, आणि हात तसाच थांबला.

"चौदा वर्षांपूर्वी मी कामगारांसमोर बोललो ते चूक होतं," दादा म्हणाले. हे वाक्य त्यांनी अंगणापासून इथवर घोळवत आणलं होतं, त्यामुळे ते एका दमात निघालं. "ओंडका वाकडा होता. कुणीही कापला असता तर तसाच कापला गेला असता."

"नाही," काडी म्हणाला. "मीच वाकडा कापला होता. पण बोलायला नको होतंस."

"नको होतं."

काडीनं लव्हाळ्याचा पेड आत खोचला आणि काम बाजूला ठेवलं. त्यानं बादलीकडे पाहिलं. "भिंगरीनं पाठवलं?"

"मी आलो. तळ्यात सोडायला काही हवं आहे. मी त्यात वाळवीचं औषध ओतलं होतं."

"माहीत आहे. मी इथं लव्हाळे कापत होतो. डबा पाहिला तुझ्या हातात, लाल झाकणाचा."

"पाहिलंस? मग ओरडला का नाहीस?"

"आपण बोलत नव्हतो ना," काडी म्हणाला.

त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं, आणि मग स्वतःच ऐकल्यासारखा तो खाली मान घालून बसला. "कितीदा तरी मनात आलं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "कुंपणापर्यंत आलोही होतो. मग म्हटलं, त्याचं पाणी, त्याची अक्कल. मुंगीला दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. हिला विचार."

दादा ओसरीच्या पायरीवर बसले. बादली दोघांच्या मध्ये होती. आतून काडीची बायको दारापर्यंत आली, दोघांना पाहिलं, आणि पावलं न वाजवता परत गेली.

मग काडी उठला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "चल. बूट काढ."

काडीच्या तळ्याचं पाणी थंड होतं आणि चिखल पायाच्या बोटांतून वर येत होता. दादा चौसष्ट वर्षांचे. त्यांनी काडीचा खांदा धरला. काडी लव्हाळ्यांच्या बुडाशी हात घाली, ओंजळ वर आणी आणि दाखवी. हा चतुर. ही सुई, चतुराची लहान बहीण. हा उलटा पोहणारा. ही गोगलगाय, ही अळी खात नाही, पण पाण्यातलं शेवाळ हिच्याशिवाय कोण आवरणार. ही बेडकाची पिल्लं. दादा एकेकाला बादलीत सोडत होते आणि त्याचं नाव पुन्हा म्हणून बघत होते, चुकलं तर काडी सुधारत होता.

कुंपणापलीकडे ट्रक आल्याचा आवाज झाला. मुलगा कुणाला तरी हात करून अंगणाकडे वळवत होता.

"आज एवढे पुरेत," काडी म्हणाला. "एका दमात सगळे नेऊन चालणार नाही. भिंगरीनं सकाळीच सांगितलंय, आधी तगतात का बघायचं. तगले तर मग उत्तरेच्या बाजूला जाऊ, तिथं सावलीतले वेगळे असतात. पलीकडे खडकाळ आहे, तिथले आणखी वेगळे. रोज थोडे थोडे."

"किती दिवस लागतील?"

काडीनं गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. "तुला घाई आहे का?"

दादांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "नाही."